'याचा उपयोग काय?' विचारणाऱ्यांनो, जरा थांबा

मराठी घरात एखाद्या पोराने किंवा पोरीने स्वतःहून काही बनवलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. 'छान आहे, पण याचा उपयोग काय?' कविता लिहिली असेल तर हा प्रश्न जरा दबक्या आवाजात येतो, कारण कवितेला निदान थोडी प्रतिष्ठा आहे. चित्र काढलं असेल तर 'फ्रेम करून लाव' म्हणून वेळ मारून नेता येते. पण तुम्ही प्रोग्रॅम लिहिला असेल तर सुटका नाही. प्रोग्रॅम ही कामाचीच वस्तू, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं आहे. स्क्रू ड्रायव्हर कुणी शोभेसाठी बनवतं का?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, वय २८. दिवसभर जो कोड लिहितो त्याचा उपयोग मला नीट माहीत आहे. कुणाचं तरी बिल वेळेवर निघतं, कुणाचा तरी रिफंड अडकत नाही. त्याचे पैसे मिळतात आणि त्यातून भाडं जातं. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती उरलेल्या वेळाबद्दल. रात्री नऊनंतर आणि रविवारी दुपारी मी जे बनवतो, त्यालाही हाच गज लावून मोजलं जातं. आणि गज घेऊन उभे असलेले लोक आता फक्त घरचे नाहीत. त्यात कॉलेज आहे, कंपनी आहे आणि फोनवर रोज सकाळी 'ग्रोथ'चे धडे देणारी मंडळी आहेत.

म्हणून स्पष्टच सांगतो. बिनकामाचा कोड लिहिणं हा वेळेचा अपव्यय नाही. तो करिअरचा जिना नाही आणि उद्याच्या स्टार्टअपचं बियाणंही नाही. ती एक संस्कृती आहे, आणि तिला उपयोगाच्या तराजूत घालणारे लोक तिचं नुकसान करत आहेत.

एक घड्याळ घ्या

हवेत बोलण्यापेक्षा उदाहरण घेऊ. मी एक शब्दघड्याळ बनवलं. चौकटीत अक्षरांची जाळी असते, मागे एलईडी असतात, आणि वेळेनुसार योग्य ती अक्षरं उजळून वाक्य तयार होतं. काटे नाहीत, आकडे नाहीत. इंग्रजीत अशी घड्याळं जगभरचे हौशी लोक बनवतात, त्यांचे तयार आराखडे इंटरनेटवर पैशाला पासरी मिळतात. सामानही अवघड नाही. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर गेलात तर एक ईएसपी३२ बोर्ड, एलईडीची पट्टी, वायर असं सगळं एका फेरीत पिशवीत येतं.

मला ते मराठीत हवं होतं. इथून मजा सुरू होते.

इंग्रजी घड्याळाचं काम तुलनेने सोपं असतं. मराठी घड्याळाला आधी विचारावं लागतं की आपण वेळ सांगतो तरी कशी. ३:१५ म्हणजे सव्वातीन, ३:३० म्हणजे साडेतीन, ३:४५ म्हणजे पावणेचार. नियम सरळ दिसतो. मग दीड येतो. 'साडेएक' कुणी म्हणत नाही आणि 'साडेदोन' म्हणणाऱ्याला लहान मूलही हसतं. १२:४५ ला नियमाने 'पावणेएक' व्हायला हवं, पण माझी आजी 'पाऊण वाजला' म्हणते. १:१५ ला ती नुसतं 'सव्वा' म्हणते, एकचा उल्लेखच नाही. पुढे वचनाचा घोळ. एक वाजला, दोन वाजले. मग दीड वाजला की वाजले? आमच्या घरात माणसं चार आणि या प्रश्नावर पक्ष दोन.

मग जाळी. इंग्रजी घड्याळात एका घरात एक अक्षर बसतं, सगळी घरं सारखी. देवनागरीत 'सव्वा' किती घरांचा? दोन घरं केली तर दुसऱ्या घरात 'व्वा' दाटीवाटीने बसतो. शिरोरेषा घराघरांत तुटते, आणि तुटलेल्या शिरोरेषेचा शब्द डोळ्याला शब्द वाटत नाही. म्हणून अक्षराऐवजी अख्खा शब्दच एक घर करावा लागतो. कागदातून अक्षरं कापायला बसलात की 'आठ'मधल्या ठच्या पोटातला आणि 'बारा'तल्या बच्या पोटातला तुकडा सुटून खाली पडतो. त्याला धरून ठेवायला बारीक पूल सोडावे लागतात. स्टेन्सिल करणारा पेंटर हे वर्षानुवर्षं करत आला आहे. आपण फक्त कधी नीट पाहिलेलं नसतं.

आणि मग औट. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच अशी यादी करत असताना कळलं की आपल्याकडे साडेतीनलाही एक स्वतंत्र शब्द होता, औट. जुन्या शाळेत पोरं पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी यांच्याबरोबर औटकीही पाठ करायची. म्हणजे साडेतीनचा पाढा. 'औट घटकेचा राजा' हा वाक्प्रचार आपण सगळे वापरतो, पण त्यातलं औट म्हणजे आकडा आहे हे किती जणांना ठाऊक असतं? एक घटका २४ मिनिटांची. साडेतीन घटका म्हणजे ८४ मिनिटं. राजाची कारकीर्द नेमकी एवढी. मी घड्याळाला एक छुपं बटण दिलं. ते दाबलं की ८४ मिनिटं घड्याळ वेळ सांगायचं बंद करतं आणि नुसतं 'राजा' हा शब्द उजळून ठेवतं. मग आपोआप विझतं.

या सगळ्याचा उपयोग काय? वेळ कळते. ती फोनवरही कळते, तीही सेकंदासकट. म्हणजे उपयोग शून्य. पण या घड्याळापायी मी माझ्या भाषेत पाव भागाचा हिशेब कसा बसलाय हे पाहिलं. जन्मापासून ते रोज बोलत होतो आणि एकदाही पाहिलं नव्हतं. यंत्राला सगळं उलगडून सांगावं लागतं. त्याला 'समजून घे' म्हणता येत नाही. त्यामुळे आधी आपल्याला समजून घ्यावं लागतं. छंद म्हणून कोड लिहिण्याचं सुख इथे आहे.

गज घेऊन उभे असलेले

आता विचारणाऱ्यांकडे वळू. सगळ्यांना एका मापात मोजणं बरोबर नाही.

घरच्यांना मी माफ करतो. त्यांच्या प्रश्नामागे काळजी असते. शैक्षणिक कर्जाचे हप्ते त्यांनी मोजलेले असतात, शेजारच्या मुलाची नोकरी गेलेली त्यांनी पाहिलेली असते. 'उपयोग काय' म्हणजे त्यांच्या भाषेत 'तुझं नीट चाललंय ना'. त्याला उत्तर द्यावं, चहा करून द्यावा आणि पुन्हा कामाला लागावं.

इंजिनिअरिंग कॉलेजला माफ करता येत नाही. काहीतरी बनवून पाहायला जिथे चार वर्षं मिळतात, तिथे फायनल इयरचा प्रोजेक्ट ही विकत आणायची वस्तू झाली आहे. रिपोर्ट, प्रेझेंटेशन आणि तोंडी परीक्षेत विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांसकट तो मिळतो. आणि विषय कोणते? हजेरीची प्रणाली, ग्रंथालयाची प्रणाली, हॉस्पिटलची प्रणाली. ते निवडले जातात कारण ते 'उपयोगी' दिसतात. गंमत बघा, उपयोगाच्या नावाखाली बनलेली हजेरीची ती हजारो सॉफ्टवेअरं प्रत्यक्षात कुणीही वापरत नाही. सबमिशननंतर ती मरतात. ज्या कॉलेजात हजेरीचा प्रोजेक्ट दरवर्षी होतो, तिथे हजेरी अजून कागदावर लागते. मग उपयोगाचा आग्रह धरून मिळवलं काय? ना उपयोग, ना आनंद. एखाद्या मुलीने 'सर, मला ठिपक्यांची रांगोळी काढणारा प्रोग्रॅम करायचाय' म्हटलं, तर उत्तर येतं, 'समाजोपयोगी काहीतरी घे.'

तिसरे म्हणजे साइड प्रोजेक्टचे प्रवचनकार. यांच्या लेखी छंद नावाची गोष्टच नाही. गिटार वाजवतोस? चॅनल काढ. केक करतेस? ऑर्डर घे. रात्री कोड लिहितोस? मग गिटहबवरचे ते हिरवे चौकोन रोज भरले पाहिजेत, रिक्रूटर बघतो. यांची शिकवण दिसायला प्रोत्साहनाची असते, पण आत एकच गोष्ट सांगते. तुझा एकही तास विक्रीबाहेर राहता कामा नये. यांच्या नादाने छंदाला लागलेली माझ्या वयाची कितीतरी मुलं सहा महिन्यांत छंदच सोडतात, कारण तो संध्याकाळची दुसरी शिफ्ट झालेला असतो. तिला तर पगारही नसतो.

चौथी कंपनी. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार वेगळा करार नसेल तर नोकरीच्या ओघात केलेल्या कामाची मालकी मालकाकडे जाते. हे ठीकच आहे, त्याचा पगार मिळतो. पण कायद्याच्या पुढे जाऊन काही ऑफर लेटरांमध्ये असं कलम असतं की नोकरीत असताना तुम्ही कुठेही, कधीही, स्वतःच्या लॅपटॉपवरही काही बनवलंत तरी ते कंपनीचं. २२ वर्षांचं पोर पहिल्या नोकरीच्या आनंदात खाली सही करतं. रविवारी बनवलेलं घड्याळही तत्त्वतः कंपनीच्या मालमत्तेत जमा. ते घड्याळ कंपनीला नको असतं. पण तुमचा रविवार आपला नाही, असंही तिला म्हणायचं नसतं.

हा वेळेचा प्रश्न कवीकल्पना नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं सुचवलं. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचं ९० तासांबद्दलचं बोलणं गाजलं. आठवड्यात तास १६८. त्यातून ९० कामाचे आणि रोज आठ प्रमाणे ५६ झोपेचे वजा करा. उरतात २२. म्हणजे दिवसाला तीन तासांच्या जरा वर. त्यात अंघोळ, स्वयंपाक, हिंजवडीचा किंवा घोडबंदरचा ट्रॅफिक आणि आईला फोन. औट घटकेचं राज्यसुद्धा यात बसवताना मारामार होते. 'उपयोग काय' हा प्रश्न या हिशेबाचाच धाकटा भाऊ आहे. तासाला भाव असलाच पाहिजे आणि तो भाव दुसऱ्याने ठरवायचा, असं दोघंही म्हणतात.

आपल्याच बाजूचा खोटा वकील

आता आपल्याच बाजूच्या एका युक्तिवादाला हात घालतो, कारण तो मला विरोधकांपेक्षा जास्त त्रास देतो. छंदाच्या बचावाला कुणी उभं राहिलं की लगेच उदाहरणं येतात. हेलसिंकीतल्या २१ वर्षांच्या लिनस टॉरवल्ड्सने १९९१ मध्ये छंद म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम लिहायला घेतली आणि लिनक्स जन्माला आलं, जे आज तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटात आहे. केन थॉम्पसनला १९६९ मध्ये ग्रहताऱ्यांतून यान फिरवण्याचा खेळ एका जुन्या पीडीपी-७ मशीनवर चालवायचा होता, त्या खटपटीतून युनिक्सची वाट निघाली. बघा, बिनकामाच्या गोष्टींतूनच कामाच्या गोष्टी निघतात!

खरं आहे. आणि तरी हा बचाव घातक आहे. तो विरोधकाचा तराजू मान्य करतो आणि फक्त 'जरा थांबा, पुढे वजन भरेल' असं म्हणतो. हे लॉटरीचं तिकीट विकण्यासारखं झालं. लाखात एकाचं लिनक्स होतं. मग उरलेल्या ९९,९९९ लोकांच्या संध्याकाळी वाया गेल्या का? या युक्तिवादाने गेल्याच. माझं शब्दघड्याळ कधीही लिनक्स होणार नाही. ते माझ्या भिंतीवर राहील, कधीतरी त्याचा एलईडी जाईल, कधीतरी मी घर बदलीन आणि ते खोक्यात जाईल. त्याच्या बाजूने उभं राहायचं असेल तर त्याच्या भविष्याचा आधार न घेता उभं राहता आलं पाहिजे.

रांगोळीला कुणी विचारतं का?

तसा आधार आपल्याकडे आहे, आणि तो परदेशातून आणावा लागत नाही.

दारातली रांगोळी बघा. सकाळी काढायची, संध्याकाळपर्यंत पायांनी, वाऱ्याने पुसून जाते. ती विकता येत नाही, साठवता येत नाही. आणि तरी एकाही आजीला तिच्या हयातीत कुणी 'याचा उपयोग काय' म्हणून विचारलेलं नाही. उलट जिच्या हाताला वळण आहे तिची गल्लीत ओळख असते. ठिपक्यांची रांगोळी तर सरळसरळ प्रोग्रॅम आहे. इतके ठिपके आडवे, इतक्या ओळी, दर ओळीला एक कमी, मग एक नियम लावून ठिपके जोडायचे. एक कोपरा नीट झाला की बाकीचे तीन कोपरे म्हणजे त्याच नियमाची पुनरावृत्ती. तामिळनाडूतल्या कोलमकडे गणितज्ञांनी याच नजरेने पाहिलं. मद्रास ख्रिश्चन कॉलेजचे गिफ्ट सिरोमनी आणि राणी सिरोमनी यांनी के. कृतिवासन यांच्यासह १९७४ मध्ये कोलमच्या आकृत्यांचं व्याकरण संगणकशास्त्राच्या भाषेत मांडलं. अंगणात बसलेल्या बाईच्या बोटांत जो नियम होता, तो त्यांनी कागदावर आणला.

दुसरं उदाहरण तुमच्या दहावीच्या पुस्तकातलं. 'यमाताराजभानसलगा' ही ओळ घोकून घोकून पाठ केली असेल आणि परीक्षेनंतर विसरली असेल. आता एकदा इंजिनिअरच्या डोळ्याने बघा. लघु म्हणजे ०, गुरू म्हणजे १. तीन अक्षरांचा गण म्हणजे तीन बिट, आणि तीन बिटांच्या शक्यता आठ. म्हणून गण आठ. 'यमाता' ही य गणाची रचना, एक अक्षर पुढे सरका, 'मातारा' ही म गणाची, पुन्हा सरका, 'ताराज' ही त गणाची. अशी खिडकी सरकवत गेलं की दहा अक्षरांत आठही गण एकेकदाच येतात, एकही शिल्लक नाही, एकही दुबार नाही. संगणकशास्त्रात अशा रचनेला डच गणितज्ञ निकोलास द ब्रॉईन यांचं नाव आहे, १९४६ च्या त्यांच्या कामावरून. आपल्याकडे ती वृत्तं लक्षात ठेवायची युक्ती म्हणून पोरांच्या तोंडात होती. शाळेत हे असं कुणी सांगितलं असतं तर व्याकरणाच्या तासाला इतकी झोप आली नसती.

मी वृत्त ओळखणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. ऱ्हस्व लघु, दीर्घ गुरू, अनुस्वार असेल तर गुरू, इथपर्यंत तासाभराचं काम. जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू, हा पुढचा नियम. 'विद्या'तला वि गुरू. मग 'तुझ्या'तला तु? तो लघुच, कारण तिथे आघात येत नाही. दोन्ही ठिकाणी जोडाक्षर आहे, लिहिताना काही फरक नाही. फरक तोंडात आहे. म्हणजे प्रोग्रॅमला नुसतं वाचता येऊन भागत नाही, त्याला मराठी ऐकू यावं लागतं. मग मी 'तुझ्या', 'तुम्ही', 'पुन्हा' अशा शब्दांची यादी करत बसलो, आणि दोन महिने ऑफिसच्या बसमध्ये तोंडातल्या तोंडात शब्द उच्चारून बघत होतो. शेजारचा माणूस जरा सरकून बसायचा. प्रोग्रॅम अजून पूर्ण नाही. पण कविता वाचताना आता मला तिचा सांगाडा ऐकू येतो. हे मला कुठल्या सर्टिफिकेट कोर्सने दिलं असतं?

या कलेला जगात नाव आहे, परंपरा आहे. हंगेरीत जन्मलेल्या आणि पॅरिसमध्ये राहिलेल्या वेरा मोलनार १९६८ पासून संगणकाला चौकोन काढायला लावत होत्या आणि त्यात एक टक्का बेशिस्त मिसळून काय होतं ते बघत होत्या. जॉन कॉनवेचा 'गेम ऑफ लाइफ' १९७० चा, त्यात जिंकणंहरणं नाही, नुसतं बघणं आहे. २००१ मध्ये केसी रीस आणि बेन फ्राय यांनी 'प्रोसेसिंग' ही भाषा काढली ती चित्रकारांनी कोड लिहावा म्हणून. संगणकावर छोट्यात छोट्या फाइलीत थक्क करणारी दृश्यं रचणाऱ्या 'डेमोसीन'ला फिनलंडने २०२० मध्ये आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. तिथे त्याला वारसा म्हणतात. आपल्याकडे त्याला 'टाइमपास' म्हणतात.

दोन आक्षेप, नीट ऐकून

पहिला आक्षेप जड आहे. 'हे पोट भरलेल्यांचे लाड आहेत. ज्याला दोन नोकऱ्या करायच्या आहेत, ज्याच्याकडे लॅपटॉप नाही, त्याला हे सांगून दाखव.' यातलं अर्धं मला मान्य आहे. माझ्याकडे खोली आहे, वायफाय आहे, पगार आहे. पण मग निष्कर्ष काय काढायचा? सगळ्यांना मोकळी संध्याकाळ मिळावी, हा. तुम्ही काढताय तो निष्कर्ष उलटा आहे. काहींना मिळत नाही, तर कुणीच घेऊ नये. वाचनालयाच्या बाबतीत आपण असं म्हणालो नाही. गावोगाव वाचनालयं काढली. शिवाय रांगोळी, ओव्या, भजनं, भेंड्या हे सगळं कष्टकरी माणसांनीच निर्माण केलं, जात्यावर बसून आणि शेतातून आल्यावर. बिनकामाचं सुंदर काही करावंसं वाटणं ही श्रीमंतांची मिरासदारी कधीच नव्हती. आणि साधनांचं म्हणाल तर आज चित्रं काढणारा छोटा प्रोग्रॅम तुम्ही हा लेख वाचताय त्याच फोनच्या ब्राउझरमध्ये लिहून चालवता येतो. अडचण होते, टायपिंगचा वैताग होतो, पण होतं.

दुसरा आक्षेप ताजा आहे. 'आता हे एआय दोन मिनिटांत लिहून देतं. तू रात्री जागून काय करतोस?' रायगडावर रोपवे आहे. तरी पायऱ्या चढणारे थांबले का? वर पोचणं हे ज्याचं काम आहे त्याने जरूर रोपवे घ्यावा. ऑफिसात मीही घेतो, माझा बराचसा दिवस आता मशीनने लिहिलेला कोड तपासण्यात जातो. आणि म्हणूनच संध्याकाळचं चढणं जास्त गरजेचं झालंय. नुसता तपासनीस झालेल्या माणसाच्या हातातून हळूहळू करणं निघून जातं. शिवाय एआयला घड्याळ लिहायला सांगितलं तर ते लिहून देईल. पण १२:४५ ला तुमच्या घरात 'पाऊण' म्हणतात की 'पावणेएक', हे ठरवण्यासाठी तुम्हाला आजीला फोन करावाच लागेल. माझ्या हिशेबी तो फोन म्हणजे अर्धा प्रोजेक्ट.

आणि मराठी

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पेढे वाटले गेले, सभा झाल्या, 'मराठी ज्ञानभाषा झाली पाहिजे' हे वाक्य पुन्हा एकदा टाळ्या घेऊन गेलं. ज्ञानभाषा सभेत होत नाही. भाषेशी खेळणारी माणसं असली की ती होते.

एक साधा प्रयोग सांगतो. संगणकाला 'मराठी' हा शब्द उलटा करायला सांगा. आपल्या लेखी अक्षरं तीन, म, रा, ठी. संगणकाच्या लेखी घटक पाच, म, र, काना, ठ, वेलांटी. त्याने आंधळेपणाने उलटं केलं की सुरुवातीला एक निराधार वेलांटी लटकते, रचा काना ठला चिकटतो आणि पुढे नुसते र, म उरतात. 'क्ष' आपल्याला एक अक्षर, त्याला तीन घटक. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. देवनागरीतलं जोडाक्षर तोडू नये, ते एकसंध धरावं, हा नियम युनिकोडच्या अक्षरं मोजण्याच्या सर्वसाधारण नियमांत आला तो २०२३ च्या १५.१ आवृत्तीत. ३२ वर्षं. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतला फरक, म्हणजे समुद्र आणि डोंगरामधल्या खोल जागा, तर आजही गोंधळ घालतो. तो अर्धा र टाइप करायच्या दोन पद्धती आहेत, दिसतात सारख्या, पण आतून वेगळ्या. एका पद्धतीने शोधलं की दुसऱ्या पद्धतीने लिहिलेलं सापडेलच असं नाही.

हे प्रश्न कुणाच्या लक्षात येतात? ज्याला तिमाहीचं टार्गेट आहे त्याच्या नाही. मराठी शब्द उलटा करून काय होतं, असा पोरकट प्रश्न ज्याला पडतो आणि तो सोडवायला ज्याच्याकडे रविवार आहे, त्याच्या लक्षात येतात. हे मी 'बघा, उपयोग झाला' म्हणून सांगत नाहीये. भाषेवर प्रेम करण्याचा हाही एक प्रकार आहे, म्हणून सांगतोय. कुणी अभंग गातं, कुणी शिलालेख वाचतं, कुणी रात्री दोन वाजता वेलांटी कुठे लटकली ते शोधतं. साहित्यवाल्यांनी आम्हाला 'टेक्निकल पोरं' म्हणून व्यासपीठाचा माइक लावायला पाठवणं आता बंद करावं.

म्हणून काही मागण्या. कॉलेजांनो, फायनल इयरला एक तरी गट असा राहू द्या ज्याच्या प्रोजेक्टच्या फॉर्मवर 'सामाजिक उपयोग' हा रकाना कोरा चालेल. त्याऐवजी तोंडी परीक्षेत विचारा, 'हे करताना तुला काय दिसलं?' विकत आणलेल्या प्रोजेक्टवाल्याला या प्रश्नाचं उत्तर पाठ करून देता येत नाही. कंपन्यांनो, आमच्या रविवारावरचं ते कलम खोडा, तुम्हाला त्या घड्याळाचं काही करायचं नाहीये. प्रवचनकारांनो, आमच्या छंदाचं मॉनेटायझेशन शिकवण्याआधी तुमचा स्वतःचा एक छंद सांगा, ज्याचा व्हिडिओ तुम्ही केलेला नाही.

आणि तुम्ही, जे हे फोनवर वाचत इथवर आलात. तुमच्या डोक्यात एखादी खुळी कल्पना असेलच. लोकलच्या गर्दीचं चित्र काढणारा प्रोग्रॅम, आजीच्या शिव्यांचा शब्दकोश, पावसाच्या आवाजावर उजळणारा दिवा. ती करा. कुणी उपयोग विचारला तर लिनक्सचं उदाहरण देऊ नका, 'पुढेमागे कामाला येईल' असंही म्हणू नका. सरळ सांगा, काही उपयोग नाही. आणि मग त्यांना जवळ बोलवून ते चालू करून दाखवा.